पावसाळी मोहिमेची खरेदी

भर जुलैत पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने जायचं ठरलं, की पहिला व्यायाम क्रेडिट कार्डाला घडतो. वजन वाचावं म्हणून मडगार्ड आधीच काढून ठेवलेले असतात. मग मागचं चाक पाठीवर चिखलाची उभी रेघ ओढतं, आणि फोटोत ती शौर्यपदकासारखी मिरवता येते.

त्यानंतर जलरोधक जाकीट. त्याची किंमत ऐकून घरात शांतता पसरते. बाहेरचा पाऊस ते आत येऊ देत नाही हे खरंच. पण पसरणी घाट चढताना आतला घामही धड बाहेर सोडत नाही. भिजायचं ते भिजायचंच, फक्त स्वतःच्या खर्चाने! खरी हुडहुडी भरते उतारावर: कपडे ओले, वारा समोरून आणि पाय रिकामे. यावर युरोपातले शर्यतपटू घाटमाथ्यावर जर्सीत चक्क वर्तमानपत्र खुपसायचे. आपल्याकडे हे सुचवून बघा, लोक कीव करतील. लोकरीचा जुना स्वेटर भिजूनही थोडी ऊब धरतो, पण त्याच्या छातीवर कंपनीचं नाव कुठे असतं?

ब्रेकचे रबर बदलणं, साखळीला तेल, टायरची हवा किंचित कमी करणं ही कामं स्वस्तातली, म्हणून आदल्या रात्रीवर ढकललेली. आणि त्या रात्री सगळे डोळे लावून बसतात ते हवामान खात्याच्या ऑरेंज अलर्टकडे. तो आला की ग्रुपवर हळहळीचा पूर येतो. वाईचा नाश्ता मात्र रद्द होत नाही. गाडीने जातात.