होकागेची गादी

बारामतीत काळ्या टी-शर्टवर लाल ढग घालून हिंडणारी पोरं दिसतात. हे ढग 'नारुतो' या जपानी चित्रकथेतल्या अकात्सुकी या फरार निन्जांच्या टोळीचे. तोच टी-शर्ट घालून पोरं पोलीसभरतीच्या अभ्यासिकेत बसतात. गणवेश फरारींचा, स्वप्न फौजदारकीचं!

मासाशी किशिमोतो यांनी 1999 ते 2014 ही चित्रकथा चालवली. टिंगल झेलणाऱ्या अनाथ पोराला गावचा प्रमुख, म्हणजे होकागे, व्हायचंय. पुण्यामुंबईच्या पोरांना यात जिद्द दिसते, बारामती-इंदापूरकरांना वंशावळ. पहिला आणि दुसरा होकागे सख्खे भाऊ, पाचवी पहिल्याची नात, आणि हा अनाथही शेवटी चौथ्याचाच मुलगा निघतो! या जपानी माणसानं आमच्या साखर कारखान्याची निवडणूक कधी पाहिली असेल? नणंद-भावजय समोरासमोर उभ्या करायचं मात्र त्याला सुचलं नाही. ते आम्ही 2024 च्या लोकसभेला करून दाखवलं.

वडीलधाऱ्यांना काळजी संस्कारांची. 2008 साली सरकारनं शिनचॅन या जपानी कार्टूनवर बंदी घातली, तो पुन्हा आलाच. आईला उलट बोलतो म्हणून सगळे चिडले. हिंदीत बोलतो, याचं कुणाला काही वाटलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेअर' हा राक्षस मारणाऱ्यांचा जपानी चित्रपट भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूत लागला. मराठी राक्षस बहुधा आधीच कुठल्यातरी पक्षात गेले असावेत.

भवानीनगरकडच्या एका आजोबांनी नातवाकडून ही होकागेची कथा शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "समदं खरं, पण उसाला पहिली उचल किती देतो रं त्यो?"