डीव्हीडी राइट करण्याचा शास्त्रोक्त विधी

(आमच्या मामांच्या उपयोगासाठी. ते वाचणार नाहीत.)

नियम पहिला. कोरी डिस्क निर्माता पाहून घ्यावी. डब्यावर छापलेलं नाव लग्नपत्रिकेतल्या 'आपले कृपाभिलाषी'सारखं असतं, खर्च कोणी केला ते त्यावरून कळत नाही. खरा निर्माता चकतीतच संकेताक्षरांत नोंदलेला असतो. राइटर तो वाचतो आणि एखादा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला तर आपल्यालाही वाचता येतो. एमसीसी दिसलं तर मित्सुबिशी केमिकल, टीवायजी दिसलं तर जपानची ताइयो युडेन, असं पूर्वी समजायचं. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन कारखान्यांचा माल निघू शकतो, म्हणून आधी एकच डबा घेऊन पाहावा. मामा लॅमिंग्टन रोडला जातात, "सगळ्यात स्वस्त कुठली?" असं विचारतात आणि त्या उत्तराचे पन्नास नग घरी आणतात.

नियम दुसरा, आणि खरं तर हाच एक नियम. वेग.

सीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. डीव्हीडीचा १ एक्स त्याच्या सुमारे नऊपट. त्यामुळे "सीडी ५२ वर मारतो, मग डीव्हीडी १६ वर म्हणजे हळूच की!" हा मामांचा सिद्धान्त उलटा आहे. १६ एक्सला डीव्हीडी मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते. बरं, एवढं करून मिळतं काय? पूर्ण भरलेली डिस्क ८ एक्सला आठ-नऊ मिनिटं घेते, १६ एक्सला सहाच्या आसपास. निम्मी नाही, कारण १६ चा वेग राइटर फक्त बाहेरच्या कडेपाशी गाठतो. वाचली किती, तर तीन मिनिटं. तेवढ्यात मामा चहासुद्धा करत नाहीत, तो मामी करतात.

आता ती बाहेरची कड. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. कडेला रंगद्रव्याचा थर सारखा बसलेला नसण्याची शक्यता जास्त, चकती डुगडुगते तीही तिथेच आणि १६ चा वेगही तिथेच. म्हणजे बिघडायची तर शेवटाकडची चित्रं बिघडणार. लग्नाच्या डीव्हीडीत शेवटी काय असतं? पाठवणी. आमच्या घराण्यात सीमांतपूजन स्वच्छ दिसतं, मंगलाष्टकं खणखणीत ऐकू येतात, जेवणाची पंगत तर गरजेपेक्षा जास्त स्पष्ट दिसते. आणि मुलगी आईच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात चित्र चौकोन चौकोन होऊन थिजतं. मामांनी राइट केलेल्या डीव्हीडींवरून पाहिलं तर आमची एकही मुलगी अजून सासरी गेलेली नाही.

उलट टोकाचा एक सोवळा पंथ आहे, तो म्हणतो १ एक्सच उत्तम. तेही खरं नाही. कुठल्या डिस्कवर लेसर किती जोराने मारायचा, याची कृती राइटरच्या फर्मवेअरमध्ये असते. १६ एक्सच्या डिस्का वेगात लिहिण्यासाठीच बनवलेल्या असतात, फार हळू लिहिल्या तर कधी कधी जास्तच बिघडतात. तेव्हा १६ ची डिस्क ८ वर लिहावी. मामा, आठ. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

नियम तिसरा. काठोकाठ भरू नये, कडेची गत वर सांगितलीच आहे. आणि काठ कुठे, तेही समजून घ्यावं. ४.७ जीबीची डिस्क संगणक ४.३८ दाखवतो, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. दुकानदाराने माल मारलेला नाही. त्याला पुन्हा फोन करू नये.

नियम चौथा. 'व्हेरिफाय'ची खूण काढू नये. "झाली म्हणतोय ना तो, मग संशय कशाला?" हा माणसांच्या बाबतीत मोठेपणा आहे. यंत्राला तो लागू करू नये.

नियम पाचवा. सीडीवर बॉलपेनने लिहू नये, कारण तिचा माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ लाखेआड असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध असल्याने थोडा सुरक्षित, पण कागदी लेबल तिलाही नको. एका बाजूला वजन जाऊन ती फिरताना थरथरते. मऊ टोकाचं मार्कर घ्यावं. ही एक गोष्ट मामा शिकवावी अशी करतात. वळणदार अक्षरात तारीख, कार्यालय, वधूवरांची नावं. खाली 'प्रत आत्यांसाठी', 'प्रत नाशिककरांसाठी'. कोणी मागितलेली नसते आणि डिस्कचे पैसे त्यांनी कधी कोणाकडून घेतलेले नाहीत. पाठवणी अडकली की लोक हसतात, पण दुसरी प्रत पाहिजे असली की फोन मामांनाच जातो, आणि मामा त्याच रात्री ती मारतात. सोळावर.

नियम सहावा. जुन्या डिस्का ऊन लागणार नाही अशा जागी उभ्या ठेवाव्यात. पुसायच्या तर मधून कडेकडे सरळ, गोल गोल नव्हे. आणि जोवर वाचता येतायत तोवर हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो.

मामांना परवा पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा किती एक्सचा?"