खाऱ्या पाण्याची टाकी : कुटुंबवत्सल नवशिक्यांसाठी सूचना

क्लाउनफिश घरी आणण्याचा निर्णय घरातली सर्वांत लहान व्यक्ती घेते आणि अंमलबजावणी सर्वांत जास्त हप्ते भरणाऱ्या व्यक्तीकडे येते. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ पाहून ज्यांनी हट्ट धरला होता, त्यांचीच मुले आता तो सिनेमा मोबाइलवर पाहून तोच हट्ट धरतात. तेव्हा प्रकरण आपोआप निवळेल या भ्रमात न राहता कामाला लागावे. खालील सूचना मुंबई-ठाण्याकडच्या बेताच्या फ्लॅटमधल्या, दोन माशांच्या टाकीपुरत्या आहेत. पाणी, मीठ आणि जिवाणू यांचे शास्त्र फारसे अवघड नाही. या उपक्रमातला अवघड प्राणी टाकीबाहेर राहतो, म्हणून जागोजागी त्याचाही बंदोबस्त सांगितला आहे.

टाकी शंभर लिटरची घ्यावी. दुकानात टेबलावर मावणारी वीस लिटरची गोजिरवाणी टाकी ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून दाखवतील. तिच्याकडे पाहून हसावे आणि पुढे जावे. पाणी जितके थोडे तितके ते लवकर तापते, लवकर खारट होते आणि लवकर नासते. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो पाणी, वर दगड, वाळू, काच आणि स्टँड. हे ओझे भुसा दाबून केलेल्या टीव्ही युनिटवर ठेवू नये. खिडकीपाशीही नको, ऊन लागले की शेवाळ माजते. उरलेल्या भिंतींपैकी एकीला कपाट असते, दुसरीला दिवाण आणि तिसरीत दार. काय हलवायचे ते कुटुंबाने बहुमताने ठरवावे. दिवाण हलतो.

याच सुमारास वास्तुशास्त्र जाणणारे एक काका येऊन जातात. टाकी ईशान्येलाच हवी आणि मासे नऊच हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा, असे ते सांगतात. आपल्याकडे ईशान्येला न्हाणीघर आहे हा मुद्दा मांडू नये. काकांकडे त्यावरही तोडगा असतो. संख्येबाबत मात्र ठाम राहावे. क्लाउनफिश काळेही मिळतात, नारिंगी तर मिळतातच, पण नऊ जण एवढ्या पाण्यात कोंडले तर मारामाऱ्या होऊन अखेरीस बहुधा दोनच उरतात. आपल्याला दोनच हवे असले तरी ही पद्धत महाग पडते.

आता पाणी. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना खारे पाणी घरी बनवायचे, हे कोणालाच पटत नाही. ‘दोन कॅन घेऊन चौपाटीवर जाऊन येऊ,’ असा प्रस्ताव येतो. शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या आणि पावसाळ्यात खारटपणा उतरणाऱ्या त्या पाण्यात पाय बुडवतानाही आपण विचार करतो. मासे तर त्यात चोवीस तास राहणार. दुसरा प्रस्ताव स्वयंपाकघरातून येतो, खड्या मिठाचा. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असा मोठा परिवार असतो आणि मीठ पिकवताना त्यातला बराचसा मिठागरातच मागे राहतो. पुडीतल्या मिठात तर आयोडीन आणि गुठळ्या न होण्याची पूडही असते. म्हणून मत्स्यालयाचे तयार मीठ घ्यावे लागते, आणि ते पुष्कळदा परदेशातून बादलीत भरून येते. १९३० साली ज्या वस्तूसाठी वडाळ्याला आणि शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ती आपण आयातशुल्क भरून मागवली आहे हे आजोबांना कळू देऊ नये. बादलीवरचे लेबल आधीच खरवडून ठेवावे.

प्रमाण लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन-चार किलो. बादलीत आधी पाणी, मग मीठ, आणि एक दिवस छोट्या पंपाने घुसळण. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आकडा १.०२५ च्या आसपास यावा. बोट बुडवून चव बघण्याची पद्धत आमटीसाठी राखून ठेवावी.

हे मीठ नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात घालायचे नसते. घरच्या आरओ मशीनचे पाणीही चालत नाही, कारण पाण्याला चव राहावी म्हणून बहुतेक मशीन त्यात थोडी खनिजे राहू देतात. मीठ घालण्याआधी माशांच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य लागतो. त्यासाठी आरओला डीआयचे फिल्टर जोडलेले वेगळे यंत्र मिळते. ते बसले की घरातल्या सर्वांत शुद्ध पाण्यावर कोणाचा हक्क आहे हे सर्वांच्या लक्षात येते, आणि दोन दिवस जेवताना कोणी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी आजी बोलतात. इतके पैसे घालण्यापेक्षा माझ्या तांब्याच्या हंड्यातले पाणी घाल, त्याने माणसांचे विकार जातात तर माशांचे का नाही? इथे अत्यंत नम्रपणे पण तातडीने हंडा उचलून ठेवावा. पाण्यात तांब्याचा अंश उतरला की टाकीतल्या गोगलगायी, शंखातले खेकडे आणि समुद्रफुले मरतात.

पाणी दररोज थोडे उडते. मीठ उडत नाही. म्हणून पातळी उतरली की वरून साधे शून्य टीडीएसचे पाणी घालायचे, खारे नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून टाकीवर चिकटवावे. ते कोणी वाचणार नाही, पण नंतर बोट दाखवायला उपयोगी पडते.

तापमान चोवीस ते सत्तावीस अंश. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात यासाठी हीटर लागतो. मुंबईच्या मे महिन्यात उलटी अडचण असते. चिलर मिळतो, त्याची किंमत टाकी, दगड आणि मासे यांच्या एकत्रित किमतीच्या वर जाऊ शकते. पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा दोन-तीन अंश खाली आणतो. तेवढ्याने भागले नाही तर हॉलमध्ये एसी बसवावा लागतो. आजोबांनी निवृत्त झाल्यापासून मागितलेला आणि ‘हॉलला कशाला, क्रॉस व्हेंटिलेशन आहे’ म्हणून नाकारलेला एसी तो हाच. बसवायच्या दिवशी त्यांना बाहेर पाठवू नये. त्यांना टाकीसमोरच खुर्ची द्यावी. या घडीपासून ते माशांच्या बाजूचे होतात आणि पुढे त्यांच्याइतका भरवशाचा माणूस घरात दुसरा राहत नाही.

दगडांविषयी एकच ताकीद. सच्छिद्र, कोरडे मत्स्यालयाचे दगड विकत मिळतात, ते दहा-बारा किलो आणावेत. मालवणचा मामा हौसेने प्रवाळाचा तुकडा घेऊन आला तर त्याला चहा द्यावा आणि तुकडा घेऊ नये. दगडासारखे दिसणारे हे प्राणी २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघ होता त्याच यादीत. मामाचा विश्वास बसत नाही. त्याच्या मते वाघ वेगळा दिसतो.

यानंतर खरा कसोटीचा काळ येतो, आणि त्यात करण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. टाकी भरली, दिवे लागले, पंप फिरतो आहे, पाणी काचेसारखे नितळ आहे, आणि आत मासा नाही. चार ते सहा आठवडे तो आणायचाही नाही. कारण असे : माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया निघतो, तो माशांना विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य, आणि आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे दोन्ही जिवाणू दगडांवर वस्ती करून वाढेपर्यंत थांबावे लागते. त्यांना खुराक म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर मासळीचे खाद्य टाकायचे असते. शास्त्रात याला तोड नाही. पाहुण्यांसमोर मात्र ते टाळावे.

‘ह्यात काय आहे रे?’ मावशी विचारते.

‘जिवाणू.’

‘म्हणजे मासे मेले?’

‘अजून आणलेच नाहीत.’

‘मग आत्ता खायला कोणाला घातलंस?’

या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर वर दिलेच आहे. ते देऊ नये. ‘सर्व्हिसिंग चालू आहे’ एवढे पुरते. आपल्याकडे कोणतीही बंद वस्तू या कारणाने कितीही दिवस बंद राहू शकते. मावशी गेल्यावर दुकानदाराचा फोन येतो की रिकामी कशाला ठेवता, एक डॅमसेल मासा सोडा, तो कशातही जगतो. डॅमसेल खरोखर जगतो. त्या विषातून तावून सुलाखून निघाल्यावर टाकी आपली आहे असे तो मानतो, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला तसे सांगतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाळूवर आणि काचेवर तपकिरी साय धरते. ही डायाटमची वाढ, शेवाळाच्या नात्यातली. नव्या टाकीत बहुधा येते आणि बहुधा आपली आपण जाते. घरात मात्र ती घाण म्हणून ओळखली जाते, आणि दिवाळी जवळ असेल तर धोका वाढतो. साबण, भांड्याची घासणी आणि काच पुसायचा स्प्रे यांना टाकीपासून चार हात दूर ठेवावे. कित्येक स्प्रेंमध्ये अमोनियाच असतो, जो घालवायला आपण महिनाभर बसलो आहोत. कामाच्या बाईंना हे नीट समजावून सांगावे, त्यांना पटते. आईला पटत नाही.

चाचणीच्या नळीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागले की क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला निघावे. दोन कोवळे मासे एकदम घ्यावेत, एक थोडा मोठा, एक लहान. ते समुद्रातून पकडलेले नसून पैदास केलेले आहेत ना, हे विचारावे. क्लाउनफिशची पैदास आता अवघड राहिलेली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) मंडपम केंद्रातही ती झाली आहे. नर-मादी ओळखून द्या असे दुकानदाराला सांगू नये, कारण सगळे पोरगेच असतात. क्लाउनफिश नर म्हणून वाढतो. दोघांतला जो वरचढ ठरतो तो मादी होतो आणि लहान राहतो तो नर. त्यानंतर घरात शिस्त येते. मादी नराला ढुशा देते, नर तिच्यासमोर आडवा होऊन थरथरतो, आणि हे दिवसातून अनेकदा चालते. मादी मेली तर नराची मादी होते, परतीचा रस्ता नाही. म्हणजे निमोची आई गेल्यावर निसर्गनियमाने त्याच्या वडिलांचीच आई व्हायला हवी होती. मुलांना हे केव्हा सांगायचे ते पालकांनी ठरवावे. शेजाऱ्यांच्या मुलांना सांगू नये.

आणलेले मासे थेट मोठ्या टाकीत सोडायचे नाहीत. पिशवीतले पाणी बारीक नळीने थेंबथेंब बदलत तासभर घालवायचा, आणि मग त्यांना महिनाभर दुसऱ्या, साध्या टाकीत ठेवायचे. होय, दुसरी टाकी. समुद्री मासे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी घेऊन येऊ शकतात आणि एकदा तो मुख्य टाकीत शिरला की घरभाड्याशिवाय राहतो. त्यावरचे खात्रीचे औषध म्हणजे तांबे. मोजून दिलेले, वेगळ्या टाकीत, पण तांबेच. आजी जेवायला बसल्या असताना ही बाटली उघडू नये.

सिनेमा पाहिलेल्या मुलाचा पुढचा प्रश्न समुद्रफुलाचा असतो : निमोचे घर कुठे आहे? समुद्रफूल पहिल्या सहा महिन्यांत आणू नये, नंतरही शक्यतो नको. त्याला प्रखर दिवे आणि मुरलेली टाकी लागते. मनाला येईल तेव्हा ते चालू लागते आणि पंपात जाऊन त्याचा चोथा झाला तर टाकीत विष पसरते. माशांना त्यावाचून काही अडत नाही. टाकीत वाढलेला क्लाउनफिश कुंडीच्या तुकड्यालाही आपले मानतो, कधी पंपाला, कधी शेवाळाच्या गुंतवळ्याला. मुलाला हे सांगितल्यावर तो विचारतो, की मग सिनेमा खोटा आहे का. आजोबांकडे पाठवावे.

गणपतीला गावी जाताना किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी लागते. वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जोडून ठेवावा. खाद्याचा डबा मात्र कुलपात ठेवावा, आणि प्रत्येक दिवसाचा चिमूटभर वाटा आजोबांच्या औषधाच्या सात कप्प्यांच्या डबीत भरून द्यावा. अन्यथा शेजारी प्रेमाने आठवड्याचे खाणे एका सकाळी घालतात, कारण मासे उपाशी दिसतात. ते कायमच उपाशी दिसतात. या माशांचे आयुष्य दहा-पंधरा वर्षे असू शकते, तेव्हा या शेजाऱ्यांशी पार्किंगवरून भांडण काढू नये. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो की मोठा मासा हाताला चावतो. चावतोच, पण हात टाकीत का घातला होता हे फोनवर विचारू नये.