मोजे घाला, आत या

न्यू जर्सीत एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत कुठल्याही मराठी घरी जा, चपला दाराशी काढायच्या हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण यजमान आपल्या अनवाणी पायांकडेही संशयाने बघू लागला, तर खुशाल समजावं, घरात नवं हार्डवुड पडलंय. मूळ आडनाव काहीही असो, या जातीच्या गृहस्थाला मी मनातल्या मनात फळीकर म्हणतो. दारात टोपलीभर धुतलेले मोजे ठेवलेले असतात. "घाला हो, संकोच कसला!" असं फळीकर म्हणतात तेव्हा आपण संकोचत नसतो, घसरत असतो.

फळीकर मूळचे असे नव्हते. बरीच वर्षं बेज कार्पेटवर सुखाने लोळले. मग शेजाऱ्याने कार्पेट उखडलं आणि यांच्या डोक्यात किडा वळवळला. माणूस आयटीतला, त्यामुळे आधी एक्सेल उघडलं. त्यात जांका नावाचा रकाना. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती पाउंड जोर लागतो, तो हा आकडा. रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६०, मेपल १४५०, हिकरी १८२०. इथवर ठीक होतं. मग त्यांनी मोठ्या अभिमानाने साग शोधला, कारण आजोळच्या वाड्याचे खांब सागवानी. आकडा निघाला हजार-अकराशेच्या घरात. म्हणजे ओकहून मऊ! त्या रात्री फळीकर धड जेवले नाहीत. साग पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही म्हणून त्याचं एवढं नाव, असं वहिनींनी समजावून पाहिलं. पण आजोळाला मार्क कमी पडले ते पडलेच.

हिकरी वहिनींनी बाद केली. "जमिनीला इतक्या रेघा? डोळे गरगरतात." खाली प्लाय आणि वर अस्सल लाकडाचा पातळ थर असलेल्या इंजिनियर्ड फळ्या दुकानदाराने सुचवल्या, त्यावर "मी स्वतः इंजिनियर आहे, मला आतलं सगळं ठाऊक आहे," म्हणून यांनी नकार दिला. शेवटी पाऊण इंच जाडीचा भरीव व्हाइट ओक ठरला.

बसवण्याआधी लाकूड घरच्या हवेत मुरू द्यावं लागतं. फळ्यांनी हॉल अडवला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात साताऱ्याहून आई आल्या. त्यांना बेसमेंटमध्ये झोपवलं. फळीकर रोज सकाळी दोन सुयांचं यंत्र फळ्यांना टोचून ओल मोजत आणि वहीत टिपत. आईची शुगर महिन्यातून एकदा, ओकची ओल रोज.

फ्लोअर बसलं आणि घराची घटना बदलली. देवघराशेजारी आर्द्रता दाखवणारं घड्याळ आलं. काटा तीस ते पन्नास टक्क्यांत हवा. हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात आणि फोडणीतून उडालेली मोहरी त्यात जाऊन बसते. उन्हाळ्यात लाकूड फुगतं, फटी मिटतात, मोहरी आतच. गणपतीत मोदकपात्राचं झाकण उघडलं की काटा उड्या मारतो. गेल्या वर्षी एकवीस मोदक तीन हप्त्यांत उकडले गेले. खुर्च्यांना, चौरंगाला, पाटांना, सगळ्यांच्या पायांना फेल्ट. नारळ ड्राइव्हवेवर फोडायचा.

टोकदार टाचेखाली चौरस इंचाला पडणारा दाब हत्तीच्या पायाखालच्या दाबाहून जास्त असतो. हे भौतिकशास्त्र अगदी खरं. पण पैठणी नेसून हळदीकुंकवाला आलेल्या बाईंना ते दारातच, 'हत्ती' या शब्दापासून सुरुवात करून सांगायचं नसतं. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. टाचेचा वण मात्र पडला नाही, हे फळीकर आजही समाधानाने सांगतात.

खरी लढाई आईंशी. लादी पुसायची म्हणजे बादलीभर पाणी, झाकणभर फिनेल आणि उकिडवं बसून मागे मागे सरकत जाणं, हे हातात बसलेलं. एका दुपारी फळीकर ऑफिसच्या कॉलवर असताना आईंनी पदर खोचला. खोलीच्या मध्यापर्यंत आल्या असतील, तेवढ्यात हे हेडफोनसकट धावत आले. "आई, पाणी फटीत जातं! कडा उचलतात! फळीची पन्हळ होते!" आणि गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्याने एकेक फळी टिपू लागले. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "आमची जमीन दर आठवड्याला शेणाने सारवायचो. कधी रुसली नाही बाई."

परवा त्यांच्याकडे गेलो तर फळीकर टॉर्च आडवा धरून, गाल जमिनीला लावून, एक ओरखडा पाहत होते. मी म्हटलं, भरीव ओक आहे, घासून पॉलिश केला की पुन्हा नवा होतो, आणि असं कितीतरी वेळा करता येतं. मग जिवाला एवढा घोर कशाला? ते उठून बसले. "घासायचं म्हणजे चार-पाच दिवस घर सोडावं लागतं. धूळ, वास, तीन हात पॉलीयुरेथेन, प्रत्येक हात वाळायला हवा." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "तुमची वरची खोली रिकामीच असते ना?"

"आहे ना! या की सगळे," मी म्हणालो. "फक्त आमच्याकडे अजून कार्पेट आहे."

"त्यात धूळ फार बसते हो," असं म्हणून फळीकरांनी पुन्हा टॉर्च लावला.