निवडुंगाची आंबवणी

कुरिअरने मागवलेला उघड्या मुळांचा निवडुंग दगावला की लोक पाठवणाऱ्याला नावं ठेवतात. माझ्या मते खून बहुतेक वेळा घरातच होतो, आणि हत्यार असतं पाण्याचा तांब्या. खोक्यातून निघणारं रोप दिसतंच केविलवाणं: सालीला सुरकुत्या, मुळं सुतळीसारखी वाळलेली, माती नावाला नाही. बघणाऱ्याचा जीव कळवळतो. पण त्या सुरकुतलेल्या अंगात साठा असतो; तुटलेली असतात ती बारीक मुळं. या ओल्या जखमांना पाणी लागलं की बुरशीला दार उघडं. मग बुडखा तपकिरी होतो, बोटाने दाबला तर बोट आत जातं. शेंडा मात्र साठ्यावर आठवडाभर हिरवागार, म्हणून घरचे खुशीत आणखी पाणी घालतात. खरा उपाय आळशी माणसाला शोभणारा आहे. मोडकी मुळं छाटावीत, रोप चार दिवस सावलीत उघडं ठेवावं, कोरड्या मिश्रणात लावावं आणि आठवडाभर विसरून जावं.

दौंड तालुक्यातल्या वरवंडमध्ये हे गळी उतरवणं कठीण. इथे तलाव आहे, खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन आहे, ऊस आहे. रात्री-अपरात्री दारं धरणाऱ्या माणसाला ‘पाणी देऊ नका’ सांगणं म्हणजे पाहुण्याला चहा विचारू नका म्हणण्यासारखं. लागण झाली की आंबवणीचं पाणी, मग चिंबवणीचं, हा शिरस्ता हाडीमासी मुरलेला. तेही उसासाठी बरोबरच आहे. दुसरा अभिमान काळ्या मातीचा. पण जी माती पाणी धरून ठेवते म्हणून उसाला सोन्याची, तीच कुंडीत फुगते, चिकटते आणि मुळांचा श्वास कोंडते. त्यापेक्षा चाळलेला मुरूम आणि जाडी वाळू मिळून निम्म्याहून जास्त, थोडं कुजलेलं शेणखत, आणि बुडाला भोक असलेली मातीची लहान कुंडी बरी.

‘अहो, दौंडचा उन्हाळा!’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण निवडुंग आपली रंध्रं मुख्यतः रात्री उघडतो, दिवसा मिटून बसतो. बाष्पाची एवढी काटकसर आपल्या उसाला जमत नाही. नव्या रोपाला पहिले काही दिवस थेट ऊन मात्र नको, साल भाजते. ‘बांधावर फुकट असताना काटे विकत कशाला?’ हा आक्षेप त्याहून वजनदार. मात्र बांधावरचा त्रिधारी निवडुंग कॅक्टसच्या कुळातला नाहीच; मोडला तर पांढरा चीक येतो, तो शेराचा भाऊबंद. फड्या खरा कॅक्टस, पण तोही मूळचा अमेरिकेचा. आणि साक्षीदार म्हणून तोच उत्तम: त्याचं तोडून फेकलेलं फड मुरमावर पडल्या पडल्या मूळ धरतं, कुणी आंबवणी न देता.

तेव्हा पार्सल आलं की तांब्या खाली ठेवा. अगदीच राहवत नसेल तर ते पाणी स्वतः प्या.