नीतिमत्तेचे दोन क्रेडिट

पीएचडी करायची तर आता नीतिमत्ता सक्तीची आहे. घाबरू नका, तीसच तास. यूजीसीने २०१९च्या डिसेंबरात फर्मान काढलं : संशोधन आणि प्रकाशनातली नीतिमत्ता, दोन क्रेडिट, कोर्सवर्कमध्येच उरकायची. म्हणजे पोराला अजून पिपेट नीट धरता येत नसतं, पण सचोटीत मात्र तो पास झालेला असतो.

मूलपेशींवर काम करणाऱ्यांना जादा डोस. मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, बीजांड देणारीची संमती लेखी हवी, ती दबावाखाली घेतलेली नसावी. पोरांना सगळं पाठ. दबाव आणू शकणारा माणूस मात्र या वर्गात कधी दिसत नाही. तो वरच्या मजल्यावर केबिनमध्ये असतो.

वर्गात ह्वांग वू-सुक यांची स्लाइड हमखास दाखवतात. तेव्हा सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे प्राध्यापक. २००४ आणि २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये दोन पेपर : क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांतून मूलपेशी काढल्या म्हणे. कोरियाने टपाल तिकीट काढलं, त्यावर व्हीलचेअरमधला माणूस उठून उडी मारतोय. मग सगळं बनावट निघालं. स्लाइड संपली, पुढचा विषय.

पण खरा धडा विद्यापीठाच्या चौकशी अहवालात आहे. ह्वांग साहेबांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलींना बीजांड द्यायला तयार असल्याचे फॉर्म वाटले गेले होते. एका विद्यार्थिनीने दिलं, तेव्हा साहेब स्वतः तिच्यासोबत इस्पितळात गेले. केवढी आपुलकी! फॉर्म होताच, दबावाचा कुठे प्रश्न? ज्याच्या एका सहीवाचून पदवी अडते, त्याला ‘नाही सर’ कसं म्हणायचं हे तीसपैकी कितव्या तासाला शिकवतात, कुणी सांगेल का? दुसऱ्या पेपरात १८५ बीजांडं वापरल्याचं छापलं होतं. तीनेक वर्षांत प्रत्यक्षात गोळा केलेली निघाली दोन हजारांवर.

आणि हे उघडकीला आणलं कुणी? लॅब सोडून गेलेल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने टीव्हीवाल्यांना खबर दिली. मग निनावी तरुण संशोधकांनी पेपरातले फोटो शेजारी-शेजारी लावून दाखवले : वेगवेगळ्या पेशी म्हणून छापलेल्या चित्रांत तेच चित्र पुन्हा वापरलेलं. जनतेने आधी टीव्हीवाल्यांनाच धारेवर धरलं, जाहिरातदार पळाले. ज्यांना नीतिमत्तेचे धडे द्यायचे, ती पोरं ही अशी. साहेबांना मात्र देशाने ‘सर्वोच्च शास्त्रज्ञ’ ठरवून टाकलं होतं.

जपानचीही तीच तऱ्हा. हारुको ओबोकाता यांचा मूलपेशींवरचा शोध २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये गाजला आणि काही महिन्यांत मागे घ्यावा लागला. त्याच दरम्यान वासेदा विद्यापीठाने मंजूर केलेला त्यांचा जुना प्रबंध लोकांनी उघडला, तर सुमारे वीस पानं अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या संकेतस्थळावरून जशीच्या तशी. विद्यार्थिनी चुकली, कबूल. पण परीक्षकांनी काय वाचलं होतं? (आपल्याकडे दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. निदान हिशेब तरी छापील आहे.)

घरचंही बघू. देशाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं अजून प्रयोगच. त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तरी गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत मूलपेशींचं पॅकेज विकणारे आहेतच. त्या खुर्च्यांवर पीएचडीची पोरं बसलेली नाहीत, पाटीवर डिग्र्यांची रांग असलेले डॉक्टर बसलेत.

तर सुचवणी एवढीच, साहेबांनाही वर्गात बसवा. पहिल्या बाकावर. हजेरी सक्तीची, परीक्षा पोरांनी घ्यायची. हे होणार नाही, ठाऊक आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे गाईड व्हायला प्राध्यापकाच्या नावावर निदान पाच शोधनिबंध लागतात, नीतिमत्तेच्या क्रेडिटचा त्यात उल्लेख नाही. त्या हिशेबाने मागे घेतले गेलेले ‘सायन्स’मधले दोन वजा करूनही ह्वांग साहेब आरामात पात्र ठरतात.