एका बोटानं काय होतंय?

अमेरिकेत युटातल्या मोअ‍ॅबहून कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या नीडल्स भागाकडे निघालात, की 211 नंबरच्या रस्त्याला लागूनच 'न्यूजपेपर रॉक' हा चित्रं कोरलेला कातळ आहे. गाडीतून उतरलं की लगेच समोर. एवढ्या सहज मिळतंय म्हणूनच बहुधा लोक त्याला दोन मिनिटंही देत नाहीत. "एवढंच?" म्हणतात, कातळाकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि निघतात. याचा मला भयंकर राग येतो.

अहो, बघा तरी! वाळवंटातल्या वालुकाश्मावर हजारो वर्षांत लोह-मँगनीजचा काळसर थर चढतो. तो टोचून काढला, की खालचा फिकट दगड उघडा पडतो. सगळी चित्रं तशी कोरलेली. हरणं, बायसन, चाकांसारखे आकार, पाचाहून जास्त बोटांची पावलं. एक घोडेस्वार धनुष्य ताणून हरणामागे लागलाय. या भागात घोडे आले ते स्पॅनिश लोकांबरोबर, म्हणजे हा स्वार शेजारच्या कित्येक चित्रांहून फार अलीकडचा. जुन्या रेषांवर काळा थर पुन्हा चढू लागलाय, नव्या अजून उजळ आहेत. हा फरक दिसायला डोळे थोडे स्थिरावावे लागतात. तेवढ्यात कुणाचा तरी ब्लूटूथ स्पीकर सुरू होतो.

मोअ‍ॅबजवळच्या 'बर्थिंग रॉक'पाशी तर हात सहज पोचतो. बाळंत होणाऱ्या बाईचं चित्र आहे तिथे. 2021 मध्ये कुणीतरी या शिळेवर वंशद्वेषी शब्द खरडले. तिथेच मला मराठी ऐकू आलं. एक काका मुलाला सांगत होते, "हात लाव रे, फोटो काढतो." काका, हाताचं तेल दगडाला लागतं, नका लावू देऊ, म्हटलं तर उत्तर आलं, "एका बोटानं काय होतंय?"

रोज किती बोटं लागत असतील, काका? अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1819 मध्ये स्वतःचं नाव खरडलं, त्यावर आपण आजही चिडतो. तोही एकटाच होता. होपी, झुनी या मूलनिवासी लोकांसाठी युटातल्या या चित्रांपैकी कित्येक पूर्वजांच्या हातची आहेत. मुलाला चित्र नीट दिसत नसेल तर दुर्बीण द्या, सकाळच्या तिरप्या उन्हात आणा, खांद्यावर घ्या. हात मात्र खिशात ठेवायला सांगा.